उधाणाची तारीख

दिवाणी न्यायालयात कारकुनापासून शिरस्तेदारापर्यंत ३४ वर्षे चाकरी केलेल्या, आणि ज्या दाव्यात फिर्याद आजोबांनी लावली, साक्ष वडिलांनी दिली व तारखांना नातू हजर राहिला अशा दाव्यांची बासने आपल्या हातांनी बांधलेल्या-सोडलेल्या माणसाला, मनुष्य आपले द्रव्य, आपला वेळ आणि आपली झोप एकाच खड्ड्यात किती तऱ्हांनी ओतू शकतो याविषयी नवे काही शिकायचे उरले असेल, अशी शंकाही निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन घरी परतताना माझ्या मनाला शिवली नव्हती. पुढे दोनच वर्षांनी, ऐन शिमग्यात, आमच्या मेहुण्यांनी रेवसजवळच्या एका खाडीत चिखलावर कलंडून पडलेली ३८ फुटांची जुनी मोटर-यॉट विकत घेतली, आणि आजवर जे पाहिले ती केवळ उमेदवारी होती हे माझ्या ध्यानात आले.

मेहुणे म्हणजे माझ्या कुटुंबाचे धाकटे बंधू. बँकेतून सन्मानाने निवृत्त झालेले, कर्जदाराच्या तारणाचे कागद भिंगाखाली धरल्यावाचून सही न करणारे, आणि भाजीवाल्याकडून घेतलेल्या कोथिंबिरीचीही नोंद डायरीत ठेवणारे असे हे गृहस्थ दादरला तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांना पोहता येत नाही. त्यांचा जलप्रवासाचा पूर्वानुभव म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच, आणि तीतही मळमळू नये म्हणून ते धक्का सोडण्यापूर्वीच तोंडात आवळासुपारी धरतात. अशा माणसाने बोट का घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर मी पुष्कळ दिवस शोधले. अखेर ते मला 'यॉट' या शब्दातच सापडले. 'मेहुण्यांनी मोडकी लाँच घेतली' अशी वार्ता पसरती तर नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढले असते. 'यॉट घेतली' असे कळताच त्याच नातेवाइकांनी पुढच्या लग्नपत्रिकेत त्यांचे नाव दोन ओळी वर चढवले. ज्या वृद्ध तांडेलाच्या राखणीत ती पडून होती, तो मात्र तिला अखेरपर्यंत 'डबा' असेच म्हणत आला, आणि वस्तूचे नाव वस्तूच्या शेजाऱ्याने ठेवावे या मताचा मी असल्यामुळे माझा कौल मनातून तांडेलाच्या बाजूने आहे.

प्रथम दर्शनाचा दिवस मला स्पष्ट आठवतो. लाँचमधून उतरून, मिठागराच्या बांधावरून आणि पुढे तिवरांच्या झुडपांतून वाट काढीत आम्ही खाडीच्या काठाशी आलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती. आणि लग्नात जेवण झाल्यावर एखादे थोरले काका खुर्चीतच एका अंगावर कलतात व त्यांना उठवण्याचे धाडस कोणी करीत नाही, त्या थाटात ती यॉट आपल्या डाव्या कुशीवर पहुडली होती. मेहुणे म्हणाले, "भाऊजी, रेषा बघा तिच्या!" मी रेषा पाहिल्या. मग जन्माची सवय जाईना म्हणून खिशातील वही काढली, आणि तांडेल व तेथे चिंबोऱ्या धरीत असलेला एक मुलगा या दोघांना पंच नेमून जागेवरच पंचनामा केला, तो आजही माझ्या संग्रही आहे:

'लांबी फूट ३८, रुंदी अदमासे फूट ११. अंगाच्या फळ्या सागवानी, काही ठिकाणी सागवानी नाहीत, काही ठिकाणी फळ्याही नाहीत. इंजिने डिझेलची, नग २, पैकी एक गंजलेले व दुसरे अधिक गंजलेले. सुकाणूचे चाक नग १, आरे ८, पैकी हजर ५. पितळी चौकटीच्या गोल खिडक्या नग ६, पैकी पितळ हजर २, काच हजर ०. नांगराची साखळी आहे, नांगर नाही. स्वयंपाकाच्या कोनाड्यात कोंबडी नग १, अंड्यांवर बसलेली, मालकी अनिर्णित. येणेप्रमाणे पंचनामा पंचांसमक्ष केला असे.'

कोंबडीविषयी तांडेलाने मौन पाळले, यावरून ती त्याचीच असावी असा माझा कयास आहे.

या वस्तूसाठी मेहुण्यांनी ४ लाख ७५ हजार रुपये मोजले होते, आणि तरीही त्यांच्या मुखावर जी प्रसन्नता होती तिचे कारण त्यांनी परतीच्या लाँचमध्ये मला समजावून सांगितले. एवढ्या लांबीची नवी यॉट घ्यायची म्हटले तर कोटीच्या खाली बोलणेच नको. मग जुनीवर लागतील तेवढे पैसे घातले तरी मधला सगळा फरक हा फायदाच नव्हे काय? ज्या माणसाने आयुष्यभर इतरांची जमाखर्चाची पुस्तके तपासली, त्याने न केलेल्या खर्चाला उत्पन्नाच्या सदरात घालावे हे पाहून मला प्रेमाचे सामर्थ्य प्रथमच कळले. माझ्या स्वतःच्या विवाहप्रसंगीही ते इतके स्पष्ट कळले नव्हते.

पुढल्याच उधाणाला चेनकप्पी लावून, नारळाच्या ओंडक्यांवरून घरंगळवीत, गावातल्या वीस माणसांनी 'हैय्या' करीत तिला काठावर ओढून घेतले, वर झापांचा मांडव घातला, आणि रंग खरवडण्यास आरंभ झाला. हे काम माझ्याकडे आले, कारण त्याला अक्कल लागत नाही असे सर्वांचे मत पडले. परंतु त्यात मला जो आनंद लाभला तो एखाद्या जुन्या दप्तराच्या तपासणीत लाभावा तसा होता. पांढऱ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली सरकारी छापाचा करडा, आणि त्याच्याही खाली तांबूस शेंदऱ्याचा हात. आणि नाळेच्या पाठीशी, जेथे नाव लिहिण्याचा प्रघात आहे तेथे, प्रत्येक थराबरोबर एकेक नाव उघडे पडत गेले. एक नाव देवीचे, एक बहुधा कोणाच्या तरी कन्येचे, आणि सर्वांत खालचे इंग्रजी, अर्धे झिजलेले. सात-बाराचा उतारा कागदावर असतो अशी माझी समजूत होती. येथे तो लाकडावर होता, आणि प्रत्येक फेरफाराची नोंद ब्रशाने केलेली होती.

नोंदणीच्या कचेरीत मात्र यांपैकी मधलेच नाव होते, आणि त्या नावाची बोट १५ वर्षांपूर्वी मोडीत काढल्याचा शेरा होता. म्हणजे आम्ही जिची शुश्रूषा करीत होतो ती कायद्याच्या दृष्टीने मृत होती. कचेरीचे नाव मी येथे घेत नाही. कारण तेथील कारकुनाने जो पेच आमच्यापुढे ठेवला त्याची बांधणी पाहून मला राग न येता व्यवसायबंधूविषयी अभिमानच वाटला. नोंदणीस तपासणी हवी, तपासणीस बोट पाण्यात हवी, आणि पाण्यात घालण्यास नोंदणी हवी. मी त्याला चहा पाजला, दोघांनी एकमेकांच्या साहेबांच्या गोष्टी सांगितल्या, आणि तिसऱ्या कपानंतर 'तात्पुरत्या परवानगीचा' एक पिवळा कागद, ज्याचे अस्तित्व साहेबांनाही विदित नव्हते, त्याने कपाटाच्या तळातून काढला. कारकून हा राज्यव्यवस्थेचा पठाण होय, म्हणजे गलबताच्या तळाचे ते मुख्य लाकूड. वरून दिसत नाही, पण बाकी सगळे त्याच्यावर उभे असते.

आता मिस्त्रीविषयी. तो गलबते बांधणाऱ्यांच्या घराण्यातला, सत्तरी गाठलेला, मितभाषी माणूस होता. पहिल्या दिवशी त्याने हातात एक लहान हातोडी घेतली आणि बोटीच्या नाळेपासून सुरुवात करून, वैद्याने रोग्याची पाठ ठोकून पाहावी तशी तो एकेक फळी ठोकून कान देऊ लागला. निरोगी लाकूड 'ठण' म्हणते. ते सांगण्याची गरज नव्हती, कारण त्या आवाजाबरोबर मेहुण्यांचा चेहरा उजळत असे. काही ठिकाणी हातोडी 'थप' म्हणाली. तेथे मिस्त्रीने खडूने फुली केली, पटाशीचे टोक हलकेच टेकवले, आणि पटाशी कोणताही हट्ट न करता लोण्यात शिरावी तशी मुठीपर्यंत आत गेली. मेहुण्यांनी मान वळवली. त्यांना रक्त पाहवत नाही, हे मला ठाऊक होते. लाकडाचा भुसाही पाहवत नाही, हे त्या दिवशी कळले.

फुल्या कोठे पडतात हे मी लक्ष देऊन पाहत होतो, आणि मला विस्मय वाटला तो असा की, पाण्याखालचा भाग, जो इतकी वर्षे खाऱ्या पाण्यात व चिखलात होता, तो बहुतांशी 'ठण' म्हणत होता; आणि वरचा, उन्हातला, कोरडा, जेथे समुद्र कधी पोहोचला नाही तेथेच लाकडाची माती झाली होती. मी कारण विचारले. मिस्त्रीने हातोडीने आधी खाडीकडे आणि मग आभाळाकडे बोट केले. "सायब, हिला दर्यान नाय मारली. पावसान मारली."

ही गोष्ट तंतोतंत खरी आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला गोडे पाणी लागते, मीठ तिला मानवत नाही. लोणच्याप्रमाणे बोटही खारात टिकते. वरच्या तक्तपोशीत एका खांबाच्या बुडाशी नखाएवढी फट पडली होती, तीतून दर पावसाळ्यात थेंब थेंब पाणी तुळईच्या टोकात मुरत गेले, आणि तेथून फासळीत, फासळीतून फळीत असे बिनबोभाट पसरत गेले. वेळच्या वेळी कोणी दमडीचे लांबी भरून ती फट बुजवली असती तर आमचे लाखो रुपये वाचले असते. मी असे दावे पाहिले आहेत, ज्यांत दस्तऐवजावर चार आण्यांचे तिकीट कमी लागले म्हणून घराणी बसली. परंतु हे मी मेहुण्यांपाशी बोललो नाही. ते त्या वेळी तुळईचे टोक बोटांनी चुरडून पाहत होते व आणखी किती चुरडते याची त्यांना दहशत वाटत होती.

मिस्त्रीचा अंदाज आठ फळ्यांचा होता आणि खर्चाचा आकडा ६ लाखांचा. त्यात लबाडी नव्हती. दिसत होत्या त्या आठच होत्या. परंतु एक फळी काढली की तिच्यामागची फासळी उघडी पडते, फासळी तपासायची तर तिचा पाय मोकळा करावा लागतो, आणि पाय ज्याच्यावर टेकलेला त्या पठाणापर्यंत पोहोचायचे तर शेजारच्या दोन फळ्या, ज्यांचा काही अपराध नाही, त्याही काढाव्या लागतात. मूळ वादी एक असावा आणि तपासात सहहिस्सेदार निघत जावेत तशी ही संख्या वाढली. दसऱ्याला १७ फळ्या झाल्या, संक्रांतीला ३१. एका जागी तर कोणा पूर्वीच्या मालकाने काटकसर म्हणून सागाऐवजी हलक्या लाकडाची फळी मारली होती. ती वरून धडधाकट दिसे, पण कापल्यावर आतून मधाच्या पोळ्यासारखी भोकांनी भरलेली निघाली. हे त्या समुद्रकिड्याचे काम, जो वस्तुतः किडा नसून शिंपल्यांच्या कुळातला प्राणी आहे आणि आपल्या दोन चिमुकल्या शिंपल्यांची कानस करून लाकूड कोरीत जातो. कोलंबसाच्या चौथ्या सफरीत याच प्राण्याने त्याच्या जहाजांची चाळण केली, आणि १५०३ साली ती जमैकाच्या किनाऱ्याला लावून त्या महापुरुषाला वर्षभर तेथे खितपत पडावे लागले. हा दाखला मी मेहुण्यांच्या सांत्वनार्थ सांगितला. तो लागू पडला नाही.

हिशेब मी ठेवीत होतो. लाकूड, तांब्याचे खिळे, रंग, मजुरी, अशी रीतसर खाती पाडली होती, आणि अखेरीस, कोणत्याही सभ्य खतावणीत असते तसे, 'किरकोळ' या नावाचे एक खाते होते. सहाव्या महिन्यात किरकोळ खात्याने लाकडाला मागे टाकले. त्यात काय होते म्हणून पाहावे तर राळ, सुताच्या वाती, हातमोजे, वडापाव, पायात रुतलेल्या शिंपल्यावरची मलमपट्टी, तांडेलाच्या नातीच्या बारशाचा आहेर, आणि 'तसलमात' म्हणून वेळोवेळी दिलेल्या रकमा, ज्या परत जमा झाल्याचा दाखला मला आजतागायत सापडलेला नाही. वहिनींनी एकदा ती वही मागितली. मेहुण्यांनी ती दिली, परंतु एक पान अगोदर टाचणीने बंद करून दिली.

इंजिनांची कथा थोडक्यात सांगतो, कारण तीत प्रगती थोडकीच झाली. गंजाने आतील दट्टे जागच्या जागी धरले होते. उपाय असा की नळकांड्यांत डिझेल आणि तेल ओतून ठेवायचे, आणि मुरू द्यायचे. घाई करून बळ लावले तर दांडा वाकतो. मेहुणे दर रविवारी जात, इंजिनाच्या जड चाकावर दोन्ही हात ठेवीत, डोळे मिटून जोर लावीत, आणि ते हलत नाही असे पाहून पुन्हा तेल ओतून परत येत. असे १८ रविवार गेले. १९व्या रविवारी सायंकाळी आमच्या घरी टेलिफोन वाजला, कुटुंबाने उचलला, आणि पलीकडून केवळ एकच शब्द रडवेल्या स्वरात ऐकू आला: "हललं!" तिने घाबरून विचारले, "अरे, कोण?" तेवढ्यात रेंज गेली. भूकंपापासून गर्भारपणापर्यंत सर्व शक्यतांचा विचार करीत आम्ही रात्र काढली. चाक अंगठ्याच्या रुंदीइतके फिरले होते.

या संपूर्ण काळात मेहुण्यांचा धीर टिकून होता तो पूर्वनिर्णयांच्या आधारावर. वकील जसे कोणत्याही अडचणीला वरिष्ठ न्यायालयाचा एखादा निवाडा काढून दाखवतात, तसे त्यांनी जुन्या बोटींच्या उद्धाराचे दाखले जमवले होते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले, त्यांच्या वंशजांनी इंग्रजांच्या आरमारासाठी सागवानी जहाजे बांधली, आणि त्यांतले 'ट्रिंकोमाली' हे १८१७ साली मुंबईत पाण्यात सोडलेले जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे, हे त्यांचे आवडते प्रमाण. "दोनशे वर्षं, भाऊजी! सागवान आहे ते. आपलंही सागवानच!" मी विनयपूर्वक निदर्शनास आणले की ते जहाज बांधायला वाडियांना सुमारे दीड वर्ष लागले आणि त्याची डागडुजी करायला इंग्रजांना दहा वर्षांहून अधिक काळ लागला, ती २००१ साली पुरी झाली. मेहुणे म्हणाले, "झाली ना पुरी?" यावर उत्तर नव्हते.

दुसरे प्रमाण लायटोलर यांचे. 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा तीवर दुय्यम अधिकारी असलेले आणि वाचलेल्या अधिकाऱ्यांत सर्वांत वरिष्ठ असलेले हे गृहस्थ निवृत्तीनंतर आरमाराची एक जुनी वाफेची नौका घेऊन बसले, तिची त्यांनी ५८ फुटांची मोटर-यॉट बनवली, 'सनडाउनर' नाव ठेवले, आणि १९४० च्या १ जूनला, वयाच्या ६६व्या वर्षी, मुलाला बरोबर घेऊन ती डंकर्कला नेली व सुमारे १३० सैनिक तीत दाटीवाटीने भरून इंग्लंडला परत आणले. हे वाचून दाखवताना मेहुण्यांचा कंठ दाटून येई. मी एवढेच म्हणालो, की लायटोलर यांना बुडण्याचा अनुभव अगोदरचा होता; तुम्हाला बँकेचा आहे.

माझेही एक प्रमाण होते, आणि ते खास न्यायालयीन. 'सेक्वोया' ही १९२५ साली बांधलेली १०४ फुटांची लाकडी मोटर-यॉट अमेरिकेच्या अध्यक्षांच्या दिमतीला होती. केनेडींनी आपला अखेरचा वाढदिवस तीवर साजरा केला, आणि कार्टर यांनी १९७७ साली काटकसर म्हणून ती विकून टाकली. पुढे ती हस्ते-परहस्ते जाऊन कज्ज्यात सापडली, आणि २०१६ साली डेलावेअरच्या चॅन्सरी न्यायालयाने तिच्याविषयी जो निकाल दिला त्यात ती एका मरगळलेल्या गोदीत अपुऱ्या टेकूवर झिजत उभी आहे, आणि अलीकडे तीत रॅकून नावाच्या प्राण्यांनी बिऱ्हाड केले आहे, अशी स्पष्ट नोंद आहे. ते वाचून मला जे समाधान झाले ते शब्दांत सांगणे कठीण. मी माझा पंचनामा काढून कोंबडीची नोंद पुन्हा वाचली. न्यायदानाची नजर जगभर सारखीच असते.

एक वस्तू मात्र मला फार आवडली. मिस्त्रीने मागच्या बाजूला, पंख्याजवळ, जस्ताचा एक ओबडधोबड ठोकळा बोल्टने बसवला. खाऱ्या पाण्यात काशाचा पंखा आणि लोखंड शेजारी आले की त्यांच्यात वीज खेळू लागते व एक धातू दुसऱ्याला खातो. जस्त मध्ये घातले की सगळ्यांचे खाणे ते एकटे आपल्या अंगावर घेते, स्वतः झिजून नाहीसे होते, आणि पंखा शाबूत राहतो. वर्षाने तो ठोकळा बदलायचा. मेहुण्यांनी हे ऐकून घेतले आणि बराच वेळ ते त्या ठोकळ्याकडे पाहत राहिले. त्याच आठवड्यात त्यांनी आपली दुसरी मुदतठेव मोडली होती.

अखेर, नारळी पौर्णिमेचा वायदा दोन वेळा आणि गणपतीचा एक वेळ टळून, दुसऱ्या वर्षाच्या कोजागिरीला बोट पाण्यात घालायचे ठरले. खर्च तोवर २३ लाखांवर गेला होता. भरतीची वेळ तांडेलाने काढली ती पंचांगातली तिथी घेऊन तिची पाऊणपट करून. किनाऱ्यावरील लोक हे गणित तोंडी करतात आणि ते घड्याळापेक्षा विश्वासू असते. नारळ फुटला, ओंडके सरकले, आणि ती, कधी कलंडली होती हे जणू ठाऊकच नाही अशा दिमाखात, सरळ उभी राहून पाण्यावर बसली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर आतून झुळझुळ ऐकू आली.

याची कल्पना मेहुण्यांनी घरच्यांना आधीच देऊन ठेवली होती. दीड वर्ष कोरड्यात उभ्या राहिलेल्या फळ्या आकसतात, वाती ठोकून भरल्या तरी फटी राहतात, आणि लाकूड पाणी पिऊन फुगले म्हणजे त्या आपोआप मिटतात. सबब पाणी आत येईल व आल्यावर कोणी ओरडायचे नाही. तरी वहिनी ओरडल्याच. तांडेल उलट्या पत्र्याच्या डब्यावर बसून विडी ओढीत होता. तो म्हणाला, "पिऊ द्या तिला. लय वर्सांची तान हाय."

त्या रात्री चांदणे पिठासारखे पडले होते. आम्ही काठावर सतरंजी टाकून मसाल्याचे दूध घेत बसलो, आणि खाडीच्या मध्यावर मेहुणे विजार गुडघ्यापर्यंत दुमडून हातपंप मारीत होते. कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी 'कोण जागे आहे?' असे विचारीत फिरते म्हणतात. ती त्या वाटेने आली असेल तर जागा असलेला माझा मेहुणा तिला दिसला असणारच. परंतु ती तेथे थांबली नाही, हे जमाखर्चावरून सिद्ध होते. पहाटे मात्र पंपाचा आवाज विरळ झाला. सकाळी तासाला चार बादल्या येत होत्या, पुढे तासाला एक, आणि द्वितीयेला बोटीचा तळ, मी स्वतः हात लावून पाहिला, केवळ ओलसर होता. ज्या कोणी हे लाकूड निवडले, तासले व एकाशेजारी एक बसवले असेल, त्या अनाम हातांना मी मनातल्या मनात नमस्कार केला. विनोदाच्या भरात एवढी एक गोष्ट राहून जाऊ नये.

द्वितीयेला उधाण सर्वांत मोठे. दुपारी दीडची भरती धरून आम्ही सहाजण, दोन डबे आणि एक थर्मास यांसह यॉटवर चढलो. दोहोंपैकी एक इंजिन काळा धूर सोडीत सुरू झाले, दुसऱ्याने प्रकृतीच्या कारणास्तव रजा घेतली. मेहुणे आठही आरे असलेल्या चाकामागे उभे होते. एका अंगाच्या इंजिनामुळे बोट सारखी डावीकडे ओढ घेत होती आणि ते तिला समजावीत उजवीकडे आणीत होते. खाडीच्या मुखापर्यंत, म्हणजे सुमारे पाचशे पावले, आम्ही खरोखरच समुद्रप्रवास केला. तेथे वहिनींनी, इतक्या महिन्यांत प्रथमच, "छान आहे हो," असे म्हटले. मेहुण्यांनी मागे वळून त्यांच्याकडे पाहिले. आणि त्या एका क्षणात बोटीने डावीकडची आपली हौस पुरवून घेतली व अत्यंत मऊपणे, कोणाच्या हातातला चहाही न सांडता, ती वाळूच्या दांड्यावर जाऊन बसली.

मेहुणे म्हणाले, काळजीचे कारण नाही, रात्रीच्या भरतीला निघेल. तेव्हा तांडेलाने विडी विझवली आणि जे सांगितले ते ज्याला समुद्राचा कायदा ठाऊक आहे त्याला मान्यच करावे लागेल. बोट रुतली ती सर्वांत मोठ्या उधाणाच्या ऐन माथ्यावर. यापुढची प्रत्येक भरती आधीच्यापेक्षा बोटभर कमी येणार, अष्टमीच्या सुमारास भांग पडणार, तेव्हा पाणी जेमतेम सुकाणूपर्यंत पोहोचेल. आणि आजच्याइतके पाणी या दांड्यावर पुन्हा चढायचे तर अमावास्या उलटून तिच्या द्वितीयेचे उधाण यावे लागेल. त्याने आम्हाला आपल्या होडीतून काठावर आणून सोडले. मेहुणे यॉटवरच राहिले, कारण नांगर अद्याप घेतलेला नाही आणि मालकी सोडून जाणे कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे, असा सल्ला मीच त्यांना दिला होता.

आश्विन अमावास्येनंतरची द्वितीया म्हणजे भाऊबीज. ओवाळणीसाठी भावाने बहिणीकडे यावे असा शिरस्ता आहे. परंतु यंदा भाऊ जागा सोडू शकत नसल्याने बहीण दांड्यावर जाणार आहे. निरांजन वाऱ्यावर टिकणार नाही म्हणून कुटुंबाने माळ्यावरचा चिमणीचा कंदील काढून पुसून ठेवला आहे. वेळ तिथीची पाऊणपट, म्हणजे दुपारी दीडची. ज्या वाचकांना यायचे असेल त्यांचे स्वागत आहे. बादली मात्र ज्याची त्याने आणावी.